स्वप्नातील बाग आणि सूर्यावरची चूल : लोकप्रिय कथाप्रकारांतील पर्यावरणीय आशेचा विचार

प्रास्ताविक

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सामायिक अभ्यासक्रमामुळे २००३ च्या सुमारास तो पदवीच्या सर्व शाखांत सक्तीचा झाला. तेव्हापासून कला, वाणिज्य व विज्ञान शाखेचे विद्यार्थी हा पेपर लिहीत आले आहेत. प्रदूषणाची कारणे, परिणाम व उपाय अशा तीन याद्या पाठ करायच्या आणि उत्तरपत्रिकेत उतरवायच्या, असे या अभ्यासाचे सर्वसाधारण रूप झाले आहे. याद्यांतून विद्यार्थ्याला माहिती मिळते. पण आपल्या हातून काही होऊ शकेल हा विश्वास त्यातून मिळत नाही. उलट हिमनद्या वितळत आहेत, भूजल खाली जात आहे, उष्णतेच्या लाटा वाढत आहेत हे वर्षानुवर्षे ऐकून एक प्रकारचा बधिरपणा येतो. भाषेच्या अध्यापकांनाही तो वर्गात जाणवतो.

या बधिरपणावर साहित्याकडे काही उत्तर आहे का, असा प्रश्न विचारला की नजर सहसा गंभीर साहित्याकडे जाते. मराठीत धरणग्रस्तांचे जीवन मांडणारी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी आहे, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. परंतु अशा साहित्याचे बळ वेदनेच्या साक्षीत असते, पुढच्या वाटेची जबाबदारी ते आपल्यावर घेत नाही. अमिताव घोष यांनी २०१६ च्या 'द ग्रेट डिरेंजमेंट' या ग्रंथात असे मत मांडले आहे की, प्रतिष्ठित वास्तववादी कादंबरीने हवामानबदलाचा विषय बहुतांशी टाळला आणि तो विज्ञानकथेसारख्या कमी प्रतिष्ठेच्या प्रकारांकडे ढकलला. हे मत मान्य केले तर पुढचा प्रश्न असा की, ज्या प्रकारांकडे हा विषय गेला त्यांनी त्याचे काय केले? भीतीखेरीज दुसरे काही त्यांना देता आले का?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः एका जुन्या कथेच्या आधारे केला आहे. बेगम रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही ती १९०५ सालची कथा. तुलनेसाठी जयंत नारळीकर यांची 'हिमप्रलय' ही मराठी विज्ञानकथा आणि किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची २०२० मधील 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' ही कादंबरी घेतली आहे.

कथाप्रकार आणि त्याचा करार

लोकप्रिय कथाप्रकार म्हणजे लेखक व वाचक यांच्यातील एक करार असतो. रहस्यकथा हाती घेणाऱ्या वाचकाला शेवटी गुन्हेगार सापडणार याची खात्री असते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांनी मराठी वाचकाला आणि इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया' व 'इम्रान सीरिज'ने उर्दू वाचकाला हीच खात्री दिली. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. तिच्या प्रतींची वाट पाहणारा वाचकवर्ग दोन्ही देशांत होता. त्यांच्या कथांत विज्ञान येते, ते बहुधा खलनायकाच्या हाती असलेल्या भयंकर यंत्राच्या रूपाने. फरीदी किंवा इम्रान ते यंत्र निकामी करतो, जग पूर्ववत होते आणि पुस्तक मिटते.

येथेच पर्यावरणाच्या विषयाची अडचण सुरू होते. नदी सुकते तेव्हा गुन्हेगार एक नसतो. ऊस लावणारा शेतकरी, विंधनविहीर खोदणारा गृहस्थ, वाळू उपसणारा ठेकेदार, परवाना देणारा कारकून आणि बाटलीबंद पाणी विकत घेणारा वाचक यांचा त्यात कमीअधिक वाटा असतो. शिवाय जग 'पूर्ववत' होणे हे येथे समाधान ठरत नाही, कारण पूर्वीची रीतच संकटाचे मूळ असते. म्हणून रहस्यकथेच्या साच्यात पर्यावरण घातले की, एखाद्या दुष्ट कारखानदाराला अटक होते आणि वाचक निश्चिंत मनाने घरी जातो. यालाच खोटा दिलासा म्हणता येईल.

भयकथेची अडचण याच्या उलट आहे. तिचा करारच भीतीचा असतो. ओसाड वाडा, दाट रान आणि काळे पाणी ही तिची नेहमीची स्थळे. निसर्गाकडे संशयाने पाहायला ती शिकवते. संकट किती मोठे आहे हे तिला उत्तम सांगता येते, परंतु त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग बहुतेक वेळा मंत्रतंत्राचा असतो.

उर्दू दास्तानीचा करार आणखी वेगळा आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त पानोपानी बागा आहेत. जादूगारांचा बादशहा अफरासियाब याचा दरबारच 'बाग-ए-सेब'मध्ये भरतो. पण तिलिस्मातील बाग ही मायावी असते. तिचे सौंदर्य म्हणजे धोक्याची खूण. नायकाला 'लौह' म्हणजे मार्गदर्शक फलक मिळाला की तो तिलिस्म तोडतो आणि बाग धुरासारखी विरून जाते. सुंदर बाग दिसली की सावध व्हावे, अशी सवय दास्तानीच्या श्रोत्याला लागलेली असते. रुकैयांनी नेमकी हीच सवय उलटी केली. त्यांच्या कथेचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

लेखिका आणि कथा

रुकैया यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद येथे एका जमीनदार मुस्लिम कुटुंबात झाला. घरात अरबी, फारसी व उर्दूला मान होता. बंगाली व इंग्रजी त्या मोठ्या भावाकडून, घरच्यांच्या नजरेआड शिकल्या. भागलपूर येथील उर्दूभाषक अधिकारी सखावत हुसैन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती दौऱ्यावर असताना त्यांनी ही कथा इंग्रजीत लिहिली. परतल्यावर पतीने ती उभ्याउभ्याच वाचून काढली व पसंत केली. मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये ती १९०५ साली प्रसिद्ध झाली आणि १९०८ साली पुस्तकरूपाने आली. पुढे 'मोतीचूर'च्या १९२२ मधील दुसऱ्या भागात तिचे बंगाली रूप समाविष्ट झाले.

कथानक अगदी साधे आहे. सुलताना नावाची स्त्री संध्याकाळी आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असते. तेवढ्यात सारा नावाची मैत्रीण भासणारी स्त्री येते आणि तिला फिरायला नेते. ती एका अनोख्या देशात पोहोचते. त्याला बंगाली रूपात नारीस्थान म्हटले आहे. येथे पुरुष मर्दान्यात राहून घर सांभाळतात आणि स्त्रिया राज्यकारभार पाहतात. राणीला वनस्पतींची आवड आहे आणि सगळा देश एक बाग व्हावा अशी तिची इच्छा आहे. रस्त्यावर शेवाळ व फुले पसरली आहेत, त्यामुळे पाऊल टाकायला सुलताना बिचकते. मुलींचे शिक्षण सक्तीचे आहे आणि एकवीस वर्षांच्या आत विवाह होत नाही. स्त्रियांच्या दोन विद्यापीठांनी दोन शोध लावले आहेत. एकीने आकाशात नळ्या लावलेला फुगा सोडून ढगांतले पाणी हवे तेव्हा उतरवून घेण्याची सोय केली. दुसरीने सूर्याची उष्णता गोळा करून साठवण्याचे यंत्र तयार केले. हे संशोधन चालू होते तेव्हा पुरुष सैन्य वाढवण्यात गुंतले होते आणि या शोधांना हसत होते. पुढे शेजारच्या राजाने आक्रमण केले आणि सैन्य हरले. तेव्हा एका विद्यापीठाची प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणभूमीवर गेली आणि एकवटलेले सूर्यकिरण शत्रूवर सोडून तिने त्याला पळवून लावले. शेवटी हवेतल्या गाडीतून उतरताना सुलताना घसरते आणि आपल्या खुर्चीत जागी होते.

ही कथा स्त्रीवादी उपरोधाचा नमुना म्हणून इंग्रजी विभागांत शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र तिच्यातील पर्यावरणाचा धागा या चर्चेत अनेकदा पार्श्वभूमीवर राहतो. तो धागा काढून टाकला तर कथा उभी राहू शकत नाही. सूर्य आणि पाऊस या दोन शोधांवरच तिचे सारे कथानक टेकलेले आहे.

आशेची विणकर

लोकप्रिय कथेत आशा दोन प्रकारे येते. एक वरून शिंपडलेली असते. पात्राच्या तोंडी भाषण घालायचे, शेवटी रोप लावताना दाखवायचे आणि कथा संपवायची. दुसरी विणलेली असते, म्हणजे तिच्याशिवाय प्रसंग पुढे सरकू शकत नाही. 'सुलतानाज् ड्रीम'मधील आशा दुसऱ्या प्रकारची आहे. हे चार ठिकाणी तपासून पाहता येते.

पहिले ठिकाण स्वयंपाकघर. सारा सुलतानाला आपला मुदपाकखाना दाखवते. तो भाजीच्या बागेत आहे. तेथे धूर नाही, धुराडे नाही आणि कोळशाचा मागमूसही नाही. नळीतून येणाऱ्या सूर्याच्या उष्णतेवर तेथे अन्न शिजते. विज्ञानकथेत नवे यंत्र सहसा प्रयोगशाळेत किंवा युद्धनौकेवर प्रथम दिसते. रुकैयांनी ते आधी चुलीपाशी दाखवले. याचे महत्त्व आजच्या वाचकाला अधिक पटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे व प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या जवळ खेळणारी मुले यांना झळ मोठी असते. कथेला ही आकडेवारी माहीत नव्हती, पण धूर कोणाच्या डोळ्यांत जातो हे लेखिकेला पुरेपूर माहीत होते.

हा शोध हवेतून काढलेलाही नव्हता. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ साली मुंबईत आरशांनी सूर्यकिरण एकत्र करून वाफेचे यंत्र चालवले होते, अन्न शिजवले होते आणि त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले होते. रुकैयांनी ते पाहिले होते असे म्हणण्याला आधार नाही. परंतु त्या काळाला अशक्य वाटणार नाही अशाच वस्तूची त्यांनी निवड केली, एवढे निश्चित. आशादायक कथेला हा संयम फार उपयोगी पडतो. वाचकाला 'हे कधीच होणार नाही' असे वाटू न देता 'हे अजून का झाले नाही' असे वाटायला लावणे, हे तिचे काम असते.

दुसरे ठिकाण वेळेचा हिशेब. नारीस्थानातील स्त्रिया दिवसाला दोन तासांत कचेरीचे काम उरकतात, कारण पुरुष सहा तास चिरूट ओढण्यात घालवत असत. हा विनोद आहे, पण त्यामागे गंभीर विचार आहे. पर्यावरणाची कथा बहुधा त्यागाची भाषा बोलते. हे सोडा, ते कमी करा. रुकैयांच्या कथेत स्वच्छ जगण्याचे फळ फुरसत हे आहे. भरतकाम करायला व बागेत फिरायला तेथे वेळ आहे. वाचकाला ते जग हवेसे वाटते आणि हवेसे वाटल्याशिवाय कोणतीही लोकप्रिय कथा चालत नाही.

तिसरे ठिकाण विद्यापीठे. दास्तानीत नायकाला लौह मिळतो तो दैवाने किंवा एखाद्या बुजुर्गाच्या कृपेने. नारीस्थानात ज्ञान शाळेतून येते. त्यातही एकीचा शोध पाहून दुसरीला ईर्ष्या वाटते व ती कामाला लागते, ही गोष्ट लेखिकेने आवर्जून सांगितली आहे. कोणत्याही महाविद्यालयातील अध्यापकाला ही ईर्ष्या ओळखीची वाटेल. तीच कथेला माणसांच्या जगात ठेवते. नारीस्थानची बाग म्हणूनच मायावी ठरत नाही. सुंदर बाग दिसली म्हणून दास्तानीच्या श्रोत्याप्रमाणे बिचकणाऱ्या सुलतानाला सारा प्रत्येक गोष्टीची रीत समजावून सांगते. ती कोणी केली, केव्हा केली, कोण हसले, हे सारे येते. रीत सांगता येते ती बाग तोडावी लागत नाही.

चौथे ठिकाण लढाई. लोकप्रिय कथेला संघर्ष लागतो आणि आशादायक कथेची सर्वांत मोठी कसोटी तेथे होते. सगळे आलबेल असलेल्या देशात घडणार तरी काय? रुकैयांनी चुलीत वापरलेला सूर्यच लढाईत आणला. वाचकाने आधी स्वयंपाकघरात पाहिलेली वस्तू निर्णायक क्षणी पुन्हा येते. रहस्यकथेचा कसबी लेखक जसा पहिल्या प्रकरणात ठेवलेला चाकू शेवटच्या प्रकरणात काढतो, तसेच हे आहे. पर्यावरणाचा विचार आणि कथानकाचा चढ येथे एकच होतात.

कथेच्या मर्यादा

कथेची थोरवी मान्य करताना तिच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तसे केले तर आशा पुन्हा शिंपडलेलीच राहील.

पहिली मर्यादा सत्तेची. सारे बदल राणीच्या आज्ञेने होतात. प्रजा चर्चा करते, मतभेद दाखवते, नकार देते असे कोठेही दिसत नाही. दुसरी मर्यादा पुरुषांच्या कोंडण्याची. तो उपरोध आहे हे उघड आहे आणि पडदा उलटा करून दाखवणे हाच लेखिकेचा हेतू आहे. तरीही अर्ध्या माणसांना घरात ठेवून उभी राहिलेली बाग हे अंतिम चित्र मानता येणार नाही. रुकैयांनीही ते मानले नसावे, कारण त्यांच्या इतर लेखनात स्त्री व पुरुष यांना एकाच गाडीची दोन चाके मानण्याकडे कल दिसतो.

तिसरी मर्यादा शस्त्राची. चुलीतला सूर्य रणभूमीवर माणसे होरपळतो. विजयानंतर कोणी त्याचा विचार करीत नाही. स्वच्छ शक्ती ही आपोआप निर्दोष शक्ती नसते, हा प्रश्न कथेच्या कडेला उभा आहे, पण आत येत नाही.

चौथी मर्यादा पाण्याची, आणि गोवा व बेळगाव भागातील वाचकाला ती सर्वांत आधी जाणवेल. नारीस्थान आपल्या फुग्याने ढगांतले पाणी ओढून घेते. ते ढग पुढे कोठे जाणार होते? शेजारच्या देशात पाऊस कमी पडला का? कथेत शेजारी राजा आक्रमण करतो तो राणीने आश्रय दिलेल्या माणसांच्या कारणावरून. पाण्याचे नाव निघत नाही. खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात मांडवी म्हणून वाहणाऱ्या म्हादई नदीच्या वाटपासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला आणि त्याचा निवाडा २०१८ साली आला. त्यानंतरही वाद मिटला नाही. वरच्या अंगाला वळवलेले पाणी खालच्या अंगाला कमी होते, हे ज्या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तेथे नारीस्थानचा फुगा निरागस वाटणार नाही. १९०५ च्या कथेवर हा आरोप ठेवण्याचे कारण नाही. मात्र आज अशी कथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

दोन तुलना

मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे स्थान सर्वपरिचित आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडतो. येऊ घातलेल्या हिमयुगाचा इशारा वसंत चिटणीस हा भारतीय शास्त्रज्ञ आधीच देत असतो, पण त्याच्याकडे दुर्लक्ष होते. शेवटी त्याच्याच योजनेनुसार अग्निबाणांनी वातावरणाच्या वरच्या थरात कण सोडून पृथ्वीला ऊब परत मिळवून दिली जाते. कथेची वैज्ञानिक बाजू भक्कम आहे. मुंबईच्या ओळखीच्या परिसरावर बर्फ पाहून मराठी वाचकाला बसणारा धक्का विलक्षण आहे. तिच्यात आशाही आहे. परंतु ती एका बुद्धिमान व्यक्तीवर आणि शासनाच्या अग्निबाणांवर उभी आहे. सामान्य माणूस येथे बळी आहे किंवा प्रेक्षक आहे. रुकैयांच्या कथेतील दोन हजार विद्यार्थिनींची जागा येथे रिकामी आहे.

रॉबिन्सन यांची कादंबरी या दोहोंच्या पलीकडे जाते. तिचा आरंभच उत्तर प्रदेशातील एका गावात होतो. असह्य दमट उष्णतेची लाट येते, वीज जाते, माणसे तळ्यात उतरतात आणि तळ्याचे पाणीही तापलेले असते. या लाटेत सुमारे दोन कोटी माणसे मरतात. त्यानंतर भारत कोणाची परवानगी न घेता विमानांनी वातावरणात गंधकाचे कण फवारतो. झुरिक येथील एका आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमुख मेरी मर्फी मध्यवर्ती बँकांना नवे चलन काढण्यासाठी राजी करते, हिमनद्यांखालचे पाणी उपसण्याचे प्रयोग होतात, हिंसक गटही निर्माण होतात. पुस्तकाच्या अखेरीस हवेतील कर्बवायूचे प्रमाण उतरू लागते. येथे आशेची किंमत लपवलेली नाही. प्रत्येक उपायाला खर्च आहे, विरोध आहे, अपयश आहे.

तरीही एक आक्षेप घेता येतो. कादंबरीतील भारत आधी मरणारा आणि मग धाडस करणारा देश आहे. निर्णयाची खोली मात्र झुरिकला आहे. हिंदुस्थानी चुलीपाशी बसलेल्या बाईचा आवाज शंभराहून अधिक प्रकरणे असलेल्या या ग्रंथातही क्षीणच राहतो. नवल असे की, पुस्तकाच्या शेवटी मेरी हवेत तरंगणाऱ्या जहाजातून प्रवास करते आणि ११५ वर्षांपूर्वी सुलतानानेही तसाच प्रवास केला होता. साधन तेच राहिले. कोण बसले आहे आणि कोठून पाहते आहे, एवढाच फरक आहे, आणि तोच फार महत्त्वाचा आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून कोणत्याही आशादायक पर्यावरणकथेला विचारण्यासारखे तीन प्रश्न हाती येतात. या चांगल्या जगासाठी श्रम कोणी केले? किंमत कोणी मोजली? बाहेर कोण राहिले? 'सुलतानाज् ड्रीम' पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देते, दुसऱ्याचे अर्धवट देते आणि तिसऱ्यापाशी अडखळते. 'हिमप्रलय' पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. रॉबिन्सन दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत प्रामाणिक आहेत. हे तीन प्रश्न विद्यार्थ्याला दिले तर त्याला याद्या पाठ करण्याची गरज उरत नाही. तो कथा तपासू लागतो आणि मग आपल्या गावची योजनाही त्याच प्रश्नांनी तपासू लागतो.

मराठी व उर्दू दोन्ही शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयांत याचा विशेष उपयोग आहे. उर्दूच्या विद्यार्थ्याला दास्तानीतील बागेची परंपरा ठाऊक असते, मराठीच्या विद्यार्थ्याला विज्ञानकथेची. रुकैयांची कथा दोहोंच्या मध्ये उभी आहे. तिच्या निमित्ताने दोन्ही वर्ग एकत्र बसू शकतात. रहस्यकथेचा साचा घेऊन, ज्यात गुन्हेगार एक नसून पाच आहेत आणि पाचवा स्वतः तपास करणारा आहे, अशी पाणीटंचाईची कथा विद्यार्थ्यांकडून लिहून घेता येईल. कथाप्रकाराचा करार कोठे ताणतो आणि कोठे तुटतो, हे लिहिताना जेवढे कळते तेवढे व्याख्यानातून कळत नाही.

यात एक धोकाही आहे आणि अध्यापकाने तो आधीच ओळखावा. आशा हे वर्गाला शांत करण्याचे औषध नव्हे. विद्यार्थ्याच्या गावात खरोखर विहीर आटली असेल, तर त्याला नारीस्थानचा फुगा दाखवून त्याचे समाधान करणे ही त्याची फसवणूक होईल. कथेचा उपयोग त्याचा प्रश्न अधिक नेमका होण्यासाठी व्हावा.

समारोप

पर्यावरणीय आशा लोकप्रिय कथेत विणता येते का, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता येईल, परंतु काही अटींवर. आशा कथानकाच्या यंत्रणेत असली पाहिजे. तिची रीत सांगता आली पाहिजे. तिची किंमत दिसली पाहिजे. आणि ती सामान्य माणसाच्या रोजच्या जागेत, म्हणजे चुलीपाशी, रस्त्यावर व शाळेत, उतरली पाहिजे. रहस्यकथेसारख्या प्रकाराला त्यासाठी आपला जुना करार काही प्रमाणात बदलावा लागेल.

'सुलतानाज् ड्रीम' खुर्चीत जाग येऊन संपते. स्वप्नकथेचा हा रूढ शेवट आहे आणि पुष्कळदा तो पळवाट ठरतो. येथे तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण कथेबाहेर आहे. कथा प्रसिद्ध झाल्यावर चार वर्षांनी पतीचे निधन झाले. त्याच वर्षी, १९०९ मध्ये, रुकैयांनी भागलपूर येथे पाच विद्यार्थिनींना घेऊन शाळा सुरू केली. ती टिकली नाही. १९११ साली कलकत्त्यास जाऊन त्यांनी ती पुन्हा उघडली, तेव्हा विद्यार्थिनी आठ होत्या. १९३२ साली निधन होईपर्यंत त्या शाळेचे काम करीत राहिल्या. कागदावर दोन हजार विद्यार्थिनी असलेल्या लेखिकेने प्रत्यक्षात पाचांपासून आरंभ केला. दोन हजार आणि पाच या दोन आकड्यांमधले अंतर कमी न दाखवता त्या अंतरातच काम करीत राहणे, हाच या कथेने दिलेल्या आशेचा खरा अर्थ आहे. वर्गात वीस विद्यार्थी समोर असणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला तो समजण्यास कठीण जाऊ नये.